मंडळीतील चोरी, पोलीस ठाण्यातील दोन रात्री आणि आम्ही केलेली क्षमा

प्रश्न: खजिनदार_नगर

सर्वांना ख्रिस्तात सलाम. अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी मंडळीचा खजिनदार आहे. येथे जे लिहीत आहे त्यात मी स्वतः दोषी आहे, त्यामुळे माझी बाजू राखून उत्तर देण्याची गरज नाही.

गेल्या महिन्यात आमच्याकडे कापणीचा सण झाला. उपासनेनंतर नेहमीप्रमाणे बाजरीची पोती, भोपळे, गावरान कोंबड्या यांचा लिलाव झाला आणि त्यातून आलेल्या रकमेपैकी बँकेत भरावयाचे राहिलेले ४,६०० रुपये एका पाकिटात घालून मी वेस्ट्रीतील (मंदिराला लागून असलेल्या पाळकांच्या खोलीतील) कपाटात ठेवले. मंगळवारी पाहिले तर पाकीट नव्हते. कुलूप मात्र शाबूत होते, कारण किल्ली तिथेच खिळ्याला टांगलेली असते आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याच संध्याकाळी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीची बैठक झाली. मंदिराची झाडलोट करणारा मनुष्य गावाबाहेरच्या पारधी वस्तीवर राहतो. त्याचे नाव कोणीतरी घेतले आणि ते घेतल्यावर दुसऱ्या कोणाचे नाव पुढे आलेच नाही. तो सात वर्षे आमच्याकडे काम करतो, मंडळीचा सभासद नाही, आणि वस्तीचा पत्ता सोडला तर त्याच्यावर संशय घेण्यास एकही कारण नव्हते. पोलीस ठाण्यात द्यावयाच्या अर्जात ‘संशयित’ म्हणून त्याचे नाव लिहिले गेले. अर्ज माझ्या हस्ताक्षरात आहे आणि खाली सहीही माझीच आहे. गुन्हा नोंदवला गेला नाही, केवळ अर्ज ठेवून घेतला. त्याला मात्र चौकशीसाठी बोलावून दोन रात्री ठाण्यात बसवून ठेवले आणि तळपायांवर मारले. काही निष्पन्न झाले नाही तेव्हा सोडून दिले.

त्यानंतर आठवड्याने आमच्याच एका कुटुंबातील एकोणीस वर्षांचा मुलगा, जो उपासनेत ढोलक वाजवतो, रात्री माझ्या घरी आला आणि रडत म्हणाला की, पाकीट त्याने घेतले होते. मोबाइलचे हप्ते थकले होते. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईवडिलांनी ४,६०० रुपये आणून दिले. कमिटी पुन्हा बसली. पाळकसाहेबांनी करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय वाचला, भावाने भावावर अविश्वासणाऱ्यांपुढे फिर्याद करू नये हे समजावले, प्रार्थना केली, आणि मुलाला क्षमा करून पोलिसांना ‘पैसे सापडले, आमची तक्रार नाही’ असे पत्र द्यावे असा ठराव एकमताने झाला. हात मीही वर केला.

घरी आल्यावर लक्षात आले की, चाळीस मिनिटांच्या त्या बैठकीत मार खाल्लेल्या माणसाचे नाव एकदाही निघाले नव्हते. पत्र अजून माझ्याकडेच आहे. ते द्यावे का? आणि ज्या माणसाला मी स्वतः मारले नाही, पण माझ्या सहीमुळे जो मारला गेला, त्याच्या बाबतीत ख्रिस्ती मनुष्य म्हणून माझ्यावर नेमकी किती जबाबदारी येते?

उत्तर: निवृत्त_पाळक_मिरज

प्रिय बंधू, तुमच्या पाळकसाहेबांनी वाचलेला अध्याय योग्य आहे, पण तो चुकीच्या बैठकीत वाचला गेला. पहिल्या मंगळवारी, झाडलोट करणाऱ्याचे नाव अर्जात लिहिताना, पौलाचे ते वचन कोणाला आठवले नाही. मुलगा आपला निघाल्यावर ते आठवले. पौल त्या अध्यायात फिर्यादी टाळा एवढेच सांगून थांबत नाही, त्यापेक्षा अन्याय सोसून का घेत नाही असेही विचारतो. सोसण्याची ही अपेक्षा मंडळीकडून आहे. येथे सोसले कोणी? जो मंडळीत नाही त्याने. दुसऱ्याला सोसायला लावून आपण क्षमाशील ठरण्याची मुभा मला तरी पवित्र शास्त्रात कुठे आढळली नाही.

तुमच्या घटनेत दोन अपराध आहेत आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे घोटाळा झाला आहे. पहिला अपराध पैशांचा. तो मंडळीविरुद्ध झाला, म्हणून मंडळी त्याची क्षमा करू शकते, तरीही लेवीयच्या सहाव्या अध्यायातील नियम पाहा: चोरलेले परत करावे, त्यावर पाचवा हिस्सा अधिक द्यावा आणि त्यानंतर दोषार्पण आणावे. येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर चौपट परत करण्याची भाषा करतो. मुलाच्या आईवडिलांनी पैसे भरले आणि मुलगा मोकळा झाला, यात मुलाने स्वतः काय फेडले? त्याने आपल्या कष्टाने काही भरावे असे मला वाटते, आणि ज्या दिवसांत दुसऱ्याला मार बसत होता त्या दिवसांत आपण गप्प राहिलो हे त्याने त्या माणसासमोर बोलावे.

दुसरा अपराध तुमच्या कमिटीचा आहे आणि तो मंडळीविरुद्ध झालेलाच नाही. त्याची क्षमा मंडळीला करता येत नाही, कारण ती ज्याची आहे तो गावाबाहेर वस्तीवर राहतो. वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर अर्पण तिथेच ठेवून आधी जा, असे प्रभूने म्हटले आहे. तुमचे पाकीट तर अर्पणाचेच होते.

आणखी एक गोष्ट. फिलिप्पैमध्ये पौल आणि सीला यांना चौकशीवाचून चारचौघांत छड्या मारल्या आणि तुरुंगात टाकले. सकाळी अधिकाऱ्यांनी त्यांना गुपचूप सोडून द्यायला सांगितले, तेव्हा पौलाने नकार दिला. मारले उघडपणे आणि घालवता गुप्तपणे, हे चालणार नाही. त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे त्याने म्हटले. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायातील हा भाग आपण बंदिशाळेच्या अधिकाऱ्याच्या बाप्तिस्म्यापाशी थांबवतो, त्यामुळे तो व्यासपीठावरून फारसा ऐकू येत नाही. ‘पैसे सापडले’ हे तुमचे पत्र म्हणजे त्या माणसाला मागच्या दाराने सोडून देणे आहे.

उत्तर: शिक्षिका_आणि_आई

वरील उत्तराचा आदर राखून मला वेगळे मत मांडायचे आहे. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. तो स्वतःहून आला. कोणी पकडून आणले नव्हते. एकदा त्याचे नाव पोलिसांच्या कागदावर गेले की, पुढे नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत ते निघते आणि आयुष्यभर चिकटते, हे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिले आहे. अशाने कबुली देणाऱ्या मुलापेक्षा गप्प बसणारा मुलगा शहाणा ठरेल. आपण क्षमेचा उपदेश करतो आणि ती देण्याची वेळ आली की, कलमे शोधतो.

सिस्टर राणी मारिया यांचे उदाहरण सर्वांना आठवत असेल. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात त्यांचा खून झाला. ज्याने तो केला त्या समंदर सिंगला त्यांच्या धाकट्या बहिणीने २००२ मध्ये तुरुंगात जाऊन राखी बांधली. खुनाची क्षमा होऊ शकते, तर ४,६०० रुपयांची का होऊ नये? त्या गरीब माणसाला मंडळीने औषधपाण्याचा खर्च द्यावा, हात जोडून माफी मागावी, याला माझी पूर्ण संमती आहे. पण त्यासाठी मुलाला ठाण्याची पायरी चढायला लावू नये.

उत्तर: सेवानिवृत्त_फौजदार

मी पोलीस खात्यात शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. दर रविवारी मंदिरात जात आलो. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी लागतो.

‘संशयित’ या शब्दापुढे नाव लिहिणाऱ्याला आपण केवळ माहिती दिली असे वाटते, पण ठाण्यात त्याचा अर्थ वेगळा होतो. बीट अंमलदाराकडे दहा अर्ज पडलेले असतात. ज्या अर्जात नाव असते तो आधी हातात घेतला जातो, आणि नावापुढे वस्तीचे नाव असेल तर पुढचे काम डोक्याने होत नाही, हाताने होते. फिर्यादी प्रतिष्ठित, चार माणसे सोबत घेऊन आलेला; संशयिताच्या मागे कोणी नाही. गुन्हा नोंदवला नाही, म्हणजे कागदावर अटक नाही, स्टेशन डायरीत नोंद नाही, आणि म्हणून मारल्याचा हिशेबही नाही. ‘साहेब, जरा दम देऊन विचारा’ असे फिर्यादी जाताना म्हणतो. तुमच्या कमिटीतील कोणी तसे म्हणाले का, हे तुम्ही लिहिलेले नाही. आठवून पाहावे. माझ्या नोकरीत मी हे वाक्य मोजता येणार नाही इतक्या वेळा ऐकले आहे आणि ते म्हणणारी माणसे वाईट नव्हती.

मी स्वतः कोणाला मारले नाही असे सांगू शकलो असतो तर बरे झाले असते. सुरुवातीच्या वर्षांत मारले आहे. पुढे हात आवरला, पण शेजारच्या खोलीत मार चालू असताना डायरी लिहीत बसलो, आणि आज मला त्या बसण्याचे अधिक वाटते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले आणि आम्ही काय करावे असे विचारू लागले, तेव्हा नोकरी सोडा असे त्याने सांगितले नाही. जुलूम करू नका, खोटा आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधानी राहा, असे लूकच्या तिसऱ्या अध्यायात आहे. माझ्या टेबलाच्या काचेखाली ते वचन कित्येक वर्षे होते. त्याच टेबलावर मी डायरी लिहीत होतो.

तमिळनाडूतील साथानकुलम येथे जून २०२० मध्ये जयराज आणि त्यांचा मुलगा बेनिक्स या ख्रिस्ती बापलेकांना टाळेबंदीत दुकान जास्त वेळ उघडे ठेवल्याच्या आरोपावरून ठाण्यात नेले आणि तिथे झालेल्या मारहाणीनंतर दोघेही दगावले. देशभरातल्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना झाल्या. त्या रात्री ठाण्यात असलेल्या एका महिला हवालदाराने, सहकारी आसपास असताना, दंडाधिकाऱ्यांपुढे डोळ्यांनी पाहिलेले सगळे सांगितले. त्या बाईंची गोष्ट वाचल्यापासून मी माझ्या डायरीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. आपला माणूस मेला की, आपल्याला पोलिसी मार दिसतो. तुमच्या गावात मार खाणारा आपला नव्हता आणि अर्ज आपला होता, एवढाच फरक आहे.

शिक्षिकाताईंना एक सांगतो. समंदर सिंगवर खटला चालला होता, त्याला जन्मठेप झाली होती आणि राखी त्यानंतर तुरुंगात बांधली गेली. ती बांधणारी मृत बाईंची सख्खी बहीण होती. गावच्या पंचांनी तिच्या वतीने क्षमा केली नव्हती.

उत्तर: वसईचा_वकील

काही कायदेशीर बाबी स्पष्ट करतो, कारण भीती बरीचशी अपुऱ्या माहितीतून आलेली दिसते.

‘पैसे सापडले’ हे पत्र देऊ नका. पैसे सापडलेले नाहीत, परत केले गेले आहेत. लोकसेवकाला जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. आतापर्यंत तुम्ही चुकलात, पण खोटे बोलला नव्हता. या पत्राने तेही होईल. त्याऐवजी लिहा की, अर्जात नमूद केलेल्या व्यक्तीवरील संशयाला कोणताही आधार नव्हता, ती व्यक्ती निर्दोष असल्याचे आता आम्हांला खात्रीने कळले आहे आणि आम्ही तिच्यावरील संशय लेखी मागे घेत आहोत. या पत्राची शिक्का मारलेली पोच घ्या आणि एक प्रत त्या माणसाच्या हातात द्या. ती त्याला उद्या उपयोगी पडेल.

मुलाविषयी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये अशी तरतूद आहे की, चोरीची रक्कम ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने ती परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावी. जक्कयाच्या इतकी जवळ जाणारी तरतूद आपल्या फौजदारी कायद्यात मी यापूर्वी पाहिली नव्हती. मात्र सावधगिरीने सांगतो: मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीतील चोरी म्हणून पोलिसांनी कलम ३०५ लावले तर ही सवलत मिळणार नाही. तरीही १९५८ चा परिवीक्षा (तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याचा) कायदा आहे. एकवीस वर्षांखालील आरोपीला शक्यतो तुरुंगात पाठवू नये असे त्याचे सहावे कलम सांगते, आणि परिवीक्षेवर सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही असे बारावे कलम सांगते. मुलाने ठाण्यात जावे की नाही हे मी सांगणार नाही. जायचे असेल तर एकट्याने न जाता वकिलासोबत जावे.

मार खाल्लेल्या माणसाविषयी. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात साधारणपणे आधी हजर राहण्याची लेखी नोटीस द्यावी लागते. अटक केली तर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते, ही राज्यघटनेच्या कलम २२ ची हमी आहे. कबुली काढण्यासाठी दुखापत करणे हा न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे, आणि अशी मारून काढलेली कबुली न्यायालयात कवडीमोलाची असते. सरकारी रुग्णालयात त्याची तपासणी अजून झाली नसेल तर उद्याच व्हावी, कारण वळ थांबत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही बसवून चित्रण किमान वर्षभर जपण्याचा आदेश दिला आहे. ते चित्रण जपून ठेवावे असा अर्ज पोलीस अधीक्षकांकडे करता येतो. तक्रार करायची की नाही हा निर्णय सर्वस्वी त्याचा. तुम्ही त्याच्या वतीने ठरवू नका, एकदा ठरवून झाले आहे. त्याने केली तर साक्षीला उभे राहण्याची तयारी ठेवा. साक्षीदार असून जो सांगत नाही त्याच्यावर दोष येतो, असे लेवीयच्या पाचव्या अध्यायाचे पहिलेच वचन आहे. बचावाचे काम करताना मी ते कधी कोणाला ऐकवत नाही, येथे ऐकवतो.

उत्तर: सोलापूरकर

मी जन्माने विमुक्त, म्हणजे इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींपैकी एका समाजातील आहे आणि आजोबांपासून ख्रिस्ती. या धाग्यात एक शब्द सगळ्यांनी ओलांडून पुढे नेला, म्हणून लिहितो.

‘वस्तीचा पत्ता’ हे संशयाचे कारण कसे झाले, याला इतिहास आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी विस्तारला गेला. त्याखाली पुरुषांना हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे. आमच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती आणि तो शब्द अजून बोलण्यात आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, म्हणून आम्ही तो दिवस पाळतो, पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि पोलिसांची जुनी सवय नव्या नावाने राहिली.

आपल्या मंडळ्यांनी यातील स्वतःचा भाग विसरू नये. अशा वसाहती चालवण्याचे काम सरकारने ठिकठिकाणी मिशनांकडे सोपवले होते. आंध्रातील स्टुअर्टपुरम ही मुक्तिफौजेने (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेने) चालवलेली वसाहत प्रसिद्ध आहे. त्या लोकांनी शाळा काढल्या, हाताला काम दिले, हे खरे आहे आणि आमच्या कितीतरी घरांत पहिले अक्षर तिथूनच आले. पण हजेरीचे पुस्तकही त्यांच्याच हातात होते. सुवार्ता सांगणारा आणि पहारा करणारा एकच मनुष्य असला म्हणजे काय होते, ते आमच्या आजोबांना ठाऊक होते. ते प्रार्थनेला कधी उशीर करत नसत. भक्ती म्हणून की हजेरी म्हणून, हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही.

म्हणून वस्तीवर जाताना पाकीट घेऊन जाऊ नका. औषधाचा खर्च जरूर द्या, पण नंतर. आधी रिकाम्या हातांनी जा आणि ऐकून घ्या.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: खजिनदार_नगर

सर्वांचे आभार. फौजदारसाहेबांनी विचारले होते, म्हणून सांगतो: होय, आमच्यापैकी एकाने ‘जरा दम द्या’ असे म्हटले होते. मी शेजारी उभा होतो.

ते पत्र फाडले. वकीलसाहेबांनी सुचवल्याप्रमाणे नवे लिहिले. कमिटीतील दोघांनी सही करण्यास नकार दिला, कारण ‘निर्दोष’ हा शब्द वाचून पोलीस खरा कोण असे विचारतील. त्यांची शंका रास्त आहे. पत्र चार सह्यांनी दिले आणि पोच घेतली. ठाणे अंमलदाराने खरा कोण असे विचारलेच. मी म्हणालो की, मला ठाऊक आहे आणि त्याला स्वतः येण्यास दोन दिवस द्यावेत. मुलगा अजून गेलेला नाही. त्याची आई माझ्याशी बोलत नाही.

रविवारी दुपारी पाळकसाहेब आणि मी वस्तीवर गेलो. आम्हाला पाहून त्याच्या बायकोने आधी आमच्या मागे रस्त्यावर नजर टाकली आणि पोलीस आले आहेत का असे विचारले. तो बाजेवर बसला होता, उठला नाही. पाळकसाहेबांनी माफी मागितली, मीही मागितली. क्षमा केली असे तो म्हणाला नाही आणि आम्हीही ते त्याच्याकडून वदवून घेतले नाही. तो म्हणाला, येथे येऊन सांगितलेत ते ठीक, पण मला येथे कोणी चोर म्हणत नाही, एस.टी. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर म्हणतात, तिथे येऊन सांगा. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मिरजेच्या पाळकांचे उत्तर आम्ही दोघांनीही वाचलेले होते. बुधवारी बाजाराच्या दिवशी आम्ही टपरीवर जाणार आहोत.

रुग्णालयात जाण्याविषयी आणि तक्रारीविषयी त्याला सांगितले. विचार करतो म्हणाला. कामावर परत येणार नाही हे मात्र त्याने लगेच सांगितले आणि मागील महिन्याच्या पगाराचे विचारले. १,८०० रुपये. चोरीचा संशय होता म्हणून ते रोखून ठेवावेत असे पहिल्या बैठकीत ठरले होते, आणि चोर सापडल्यावर ते देण्याचे कोणाच्या मनातच आले नाही. नोंदवही माझ्याकडे असते. ती रक्कम त्यात ‘शिल्लक’ म्हणून मीच लिहिली होती.